घरच्या तुपाची नानकटाई

त्या काळी वर्ध्याच्या बऱ्याचशा हॉटेलांत 'फॅमिली रूम' असे. रूम म्हणजे हॉलच्या एका कोपऱ्यात प्लायवूडचे दोन आडोसे उभे करून पुढे सोडलेला पडदा. येणाऱ्याजाणाऱ्यांनी हात पुसून पुसून त्या पडद्यावर एका ठरावीक उंचीला काळपट पट्टा उमटलेला असे. बाईमाणूस बरोबर आहे असे दिसले की वेटर काही न विचारता आम्हाला तिकडे नेई, आणि मीही काही न विचारता त्याच्यामागून जाई. पत्नीला तो पडदा पहिल्या दिवसापासून खटकला.

"मी इथं खायाले आली का लपाले?" तिने आत बसल्याबसल्या विचारले.

मी म्हटले, "पद्धत आहे."

"मले काहीच दिसत नाई इथून. बाहेर कढईत काय तळून राह्यले, कोण काय खाऊन राह्यलं, तेच तं पाहाचं होतं."

तिचे म्हणणे खरे होते, आणि मला ते कळतही होते. पण हॉलमध्ये माझ्या कचेरीतले कुणी बसलेले असेल, किंवा त्याहून वाईट म्हणजे आमच्या गावचे कुणी बाजाराला आलेले असेल, ही भीती मला त्या पडद्याआड ढकलत असे. आज पन्नाशी ओलांडल्यावर मागे वळून पाहतो तेव्हा जाणवते की माझ्या बऱ्याचशा सभ्यपणाच्या मुळाशी हीच भीती होती.

सत्तरचे दशक सरत आले होते. बदली होऊन मी वर्ध्याला आलो होतो. दोन खोल्यांचे भाड्याचे घर, मुलगी दुसरीत, मुलगा तीन वर्षांचा. माझे गाव हिंगणीच्या अलीकडे, पत्नीचे माहेर तळेगावकडचे. दोन्ही घरे शेतीची. दोन्ही घरांत हॉटेल ही बाजाराच्या दिवशी पुरुषांनी उभ्याउभ्या चहा घेण्याची जागा होती. घरच्या सुनेला घेऊन मुलगा हॉटेलात बसतो, ही गोष्ट आमच्या गावात सांगितली असती तर ऐकणाऱ्याने आधी मुलाच्या पगाराची आणि मग त्याच्या अकलेची चौकशी केली असती.

सुरुवात पत्नीच्याच एका वाक्याने झाली. एका रविवारी भांडी घासता घासता ती म्हणाली, "दोन वर्षं झाले वर्ध्याले येऊन. मले भाजीबाजार माहीत हाये अन् दवाखाना माहीत हाये. बाकी वर्धा कुठी हाये?" संध्याकाळी आम्ही चौघे बाहेर पडलो. सायकलीच्या दांड्यावर मुलगा, सीटवर मुलगी, हँडल धरून मी आणि शेजारी पत्नी, अशी आमची मिरवणूक. त्या दिवसापासून दर रविवारी एक नवी जागा, असा नेमच पडला.

पहिली जागा बसस्टँडजवळची होती. तिथे आलूबोंडा कुस्करून त्यावर लालभडक रस्सा ओतून देत. मुलीने एक घास खाल्ला, दोन ग्लास पाणी रिचवले आणि दुसरा घास घेतला. डोळ्यांतून पाणी येत होते, तरी बशी सोडायला तयार नव्हती. दुसरी जागा एका दाक्षिणात्य गृहस्थांची. तिथे मुलाने डोसा पाहिला आणि तो गुंडाळलेला कागद आहे असे समजून उघडू लागला. गोल बाजाराकडच्या एका मारवाडी मिठाईवाल्याची कचोरी फक्त सकाळी मिळे, म्हणून एका रविवारी आम्ही दात घासून थेट तिकडेच गेलो. गाईच्या दुधाचे पेढे विकणारे एक साधे दुकान होते. तिथे बाकावर बसून मुले काचेच्या ग्लासातून दूध पीत आणि एकमेकांच्या मिशा दाखवीत. आमचा खर्च फारसा होत नसे. एक बशी मागवायची आणि चार चमचे मागायचे. वेटर कधी कधी हसत. पत्नी म्हणे, "हसू दे. त्याले चार चमचे धुवा लागतात."

तिची एक सवय मला तेव्हा गमतीची वाटे. आज तिचे मोल कळते. घरी परतताना ती त्या पदार्थाची उकल करीत चाले. रश्श्यात खोबरे भाजून घातलेय की कच्चे, कचोरीत बडीशेप किती, हे सगळे ती बोलत असे आणि मुलगी मध्येच तिला दुरुस्त करी. त्या दोघींच्या मागून सायकल ढकलताना, आपण एका सुखी घराचे धनी आहोत, असे मला वाटत असे. ते खोटे नव्हते. पण ते सुख मी पडद्याआडच ठेवले होते, आणि हे मला फार उशिरा दिसले.

बेकरी आम्हाला वासाने सापडली. इतवारा बाजाराच्या मागच्या एका बोळातून जाताना मुलगी थांबली आणि म्हणाली, "इथं कोणाच्या तरी घरी दिवाळी हाये." भाजलेल्या तुपासाखरेचा तो वास होता. बोळाच्या टोकाला कौलारू छपराखाली लाकडाची भट्टी होती, पुढे पत्र्याचे शटर आणि दाराबाहेर एक लांब बाक. आत भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याशेजारी निळ्या सुटातली ती तसबीर, जी पाहिली की घर कुणाचे ते आमच्याकडे कुणालाही सांगावे लागत नाही. छप्पन साली ज्या घरांनी दीक्षा घेतली, त्यांपैकी हे एक. बेकरीवाले माझ्यापेक्षा पाचसहा वर्षांनी मोठे असतील. नागपूरला एका बेकरीत बारा वर्षे काम करून त्यांनी इथे स्वतःची भट्टी बांधली होती.

त्या बेकरीत ब्रेड, टोस्ट आणि खारी तर होतीच. पण खरी गर्दी असे ती घरचे सामान घेऊन येणाऱ्या बायकांची. ही रीत आता मोडली आहे, म्हणून थोडे सांगतो. मैदा, रवा, पिठीसाखर, तूप आणि घासून चकचकीत केलेला पत्र्याचा डबा घेऊन बाई बेकरीत येई. तिथे लाकडी पाट मांडलेले असत. त्यावर बसून तिने आपले तूप आपल्या हाताने फेसायचे, मैदा मिसळायचा, गोळे वळायचे आणि पत्र्याच्या ताटात मांडायचे. बेकरीवाले लांब दांड्याच्या फावड्याने ते ताट भट्टीत सारत आणि वेळ झाली की बाहेर काढत. फक्त भाजणावळ द्यायची. सणाच्या आधी दहादहा बायका ओळीने बसलेल्या असत. त्यांत मारवाड्यांच्या असत, तेल्यांच्या असत, मोमीनपुऱ्याकडच्याही असत, आणि कुणाचे तूप चांगले फेसले गेले यावर त्यांच्यात जोरदार चर्चा चाले.

पत्नीने ते दृश्य पाहिले आणि मला सांगितले, "तुम्ही मुलांले घेऊन बाकावर बसा." स्वतः पदर खोचून ती एका पाटावर टेकली आणि शेजारच्या बाईच्या परातीत बोट घालून म्हणाली, "बाई, साखर अजून फेसा लागते." तिथे पडदा नव्हता. तासाभराने ती उठली तेव्हा तिच्या कोपरापर्यंत मैदा होता आणि तिचा तसा खुललेला चेहरा मी लग्नानंतर फार थोड्या वेळा पाहिला होता.

त्यानंतर रविवारची नवी जागा पाहून झाली की शेवट बेकरीच्या बाकावर होऊ लागला. बेकरीवाले मला 'भाऊ' म्हणत आणि पत्नीला 'वहिनी'. मुलगी त्यांना काका म्हणे. मोडलेली बिस्किटे ते तिच्यासाठी कागदात बांधून ठेवीत आणि विचारीत, "आज कुठी गेलते? काय खाल्लं?" ती सगळे सविस्तर सांगे. त्यांच्या घरून चहा आला की मला त्यातला कप मिळे. तो कप घेताना माझ्या मनात एक सूक्ष्म अभिमान असे, हे मी कबूल केले पाहिजे. मी शिकलेला आहे, मी हे मानत नाही, मी यांच्या घरचा चहा पितो. चहा पिण्यात अभिमान वाटावा असे काही असते का, हा प्रश्न मला पडला नाही.

दिवाळीच्या आधी आईने गावाहून दोन शेर लोणकढे तूप पाठवले. पत्नी ते घेऊन बेकरीत गेली आणि मोठा डबा भरून नानकटाई करून आणली. तशी नानकटाई मी पुन्हा खाल्ली नाही. पण तो डबा घेऊन गावी जायचे होते.

माझे वडील दुष्ट नव्हते. गावातल्या त्या वस्तीतल्या माणसाचा बैल मेला तेव्हा पेरणीला आपली जोडी त्यांनी स्वतः नेऊन दिली होती. पण त्या माणसाने आमच्या ओट्याच्या खाली बसायचे, आणि त्याला दिलेला कप त्यानेच धुऊन कोनाड्यात वेगळा ठेवायचा, ही रीत त्यांनी त्यांच्या वडिलांकडून घेतली होती आणि तिला कधी हात लावला नव्हता. त्या हातची वस्तू त्यांच्या तोंडात जाणार नव्हती. शिवाय बेकरीचे निघाले की हॉटेलांचेही निघाले असते.

मग मी मनाशी एक युक्तिवाद रचला. तूप घरचे, साखर घरची, मळणारे हात सुनेचे; मग परक्याची फक्त आच. आचेला कसली जात? म्हणजे नानकटाई घरचीच. हा युक्तिवाद एकट्या माझा नव्हता. त्या पाटांवर बसणाऱ्या कितीतरी बायका आपापल्या घरी हाच सांगत असणार. तो इतका सोयीचा होता की त्याच्यावर उभे राहून पुढचे खोटे बोलणे अगदी सोपे झाले. एसटीत मी मुलीला जवळ घेतले आणि सांगितले, "आबाजींनी विचारलं तर सांगायचं, आईनं घरी केली. चुलीवर रेती तापवून." पत्नी खिडकीबाहेर पाहत होती. तिने ऐकले.

वडिलांना नानकटाई फार आवडली. त्यांनी दुसरी उचलली आणि नातीला विचारले, "काऊन वं, घरी कशी केली इतकी खुसखुशीत?"

"आईनं रेतीवर पातेलं ठेवलं," मुलगी म्हणाली, "अन् मी झाकण धरलं होतं. मले चटका बसला. हे पाहा."

तिने बोट पुढे केले. दारात चेंगरून झालेली आठवडाभरापूर्वीची खूण तिच्या बोटावर होती. वडिलांनी ते बोट आपल्या राकट हातात धरले आणि त्यावर हळूच फुंकर घातली. मी तिला झाकण शिकवले नव्हते, चटकाही शिकवला नव्हता. माझ्या ओळीला तिने स्वतःचे बोट जोडले होते. त्या वेळी मला लाज वाटायला हवी होती. मला सुटल्यासारखे वाटले.

परतल्यावर बेकरीवाल्यांनी विचारले, "गावाले आवडली का, भाऊ?" मी म्हटले, "फार आवडली." त्यांना मनापासून आनंद झाला.

खरा प्रसंग पुढे पौषात घडला. पत्नी पाटावर बसून संक्रांतीच्या पाहुण्यांसाठी गोळे वळत होती, मुलगी तिच्याजवळ होती. बेकरीवाले फावडे भिंतीला टेकवून माझ्याशेजारी बाकावर बसले.

"भाऊ, पुढच्या इतवारी मी इथं नाई. हिंगणीकडं चाललो. माही बहीण तिकडं देली, तुमच्या गावाच्या पुढच्याच गावात. येता येता तुमच्या घरी थांबतो. आईले सांगतो, असं तूप नागपुरातबी नाई भेटत."

माझ्या डोळ्यांपुढे आमचा ओटा उभा राहिला. ओट्यावर वडील, खाली हे, आणि तोंडात नानकटाईची गोष्ट. मी म्हणालो, "पुढच्या आठवड्यात घरी कुणी नाही. सगळे बाहेरगावी गेलेत."

आणि मी आणखी काही रचण्याआधीच मुलगी म्हणाली, "हो काका. आबाजी माहूरले गेले. आजीबी गेली. घराले कुलूप हाये."

पत्नीचा हात परातीत थांबला. बेकरीवाल्यांनी आधी मुलीकडे पाहिले, मग माझ्याकडे. ते शेतमजुराच्या घरात वाढलेले होते. पौषात आमच्या भागात काय चालू असते हे त्यांना सांगण्याची गरज नव्हती. वेचणी सुरू, माजघरात छताला टेकलेली कापसाची गंजी, आणि त्या घराला कुलूप.

"कापसाच्या दिवसात," ते एवढेच म्हणाले. मग उठले, फावडे हाती घेतले. "बरं, साहेब."

'भाऊ'चा 'साहेब' झाला होता. मी पैसे दिले, त्यांनी सुटे परत केले, आणि आम्ही निघालो.

बोळाबाहेर पडताच मुलीने माझी बाही ओढून विचारले, "बाबा, मी बरोबर सांगितलं ना?"

मी काही बोलण्याआधी पत्नी म्हणाली, "पोरगी तुमच्याहून हुशार निघाली. तुम्ही नुसते माणसं बाहेरगावी पाठवले. कुलूप तिनं लावलं." थोडे चालून ती पुढे म्हणाली, "अन् शेतकऱ्याच्या पोरानं खोटं बोलाचं तं कापूस घरात यायच्या आधी तरी बोलाचं."

घरी गेल्यावर तिने सांगून टाकले की ती आता त्या बेकरीत पाय ठेवणार नाही. "कोणत्या तोंडानं त्या पाटावर बसू?" मी म्हटले, मग दुसरीकडे कुठे जाऊ या. ती म्हणाली, "पडद्यामांगं बसाचं असंल तं घरीच भाकर हाये." रविवार बंद झाला.

हे मी सोसले असते. माणूस पत्नीचा अबोला सोसतो, कारण तो संपणार हे त्याला ठाऊक असते. पण त्या दिवसांत मुलीची एक नवीच सवय माझ्या ध्यानात आली. मी तिला सांगितले, शनिवारी वही आणीन. ती आत गेली आणि आईला हळूच विचारताना मी ऐकले, "हे खरंवालं हाये का?" दुसऱ्या दिवशी मी म्हटले, कचेरीत काम होते म्हणून उशीर झाला; तर तिने माझ्याकडे पाहिले, मग आईकडे पाहिले. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, दुःखही नव्हते. बाजारात भाजी निवडताना बायका जशी उलटसुलट करून पाहतात, तसा ती माझा प्रत्येक शब्द उलटून पाहत होती. सात वर्षांच्या मुलीचा माझ्या बोलण्यावरचा विश्वास मी स्वतः, एसटीच्या बाकावर बसून, तिच्याकडून काढून घेतला होता. तो परत मागण्याचा एकच मार्ग होता, आणि तो मी तीन आठवडे टाळला.

चौथ्या शनिवारी मी गावी निघालो. पत्नी म्हणाली, "तिले संगं घेऊन जा. तिच्यासमोर बोलाल तं कामाचं."

दुपारी पोहोचलो. आई अंगणात तूर पाखडत होती, वडील ओट्यावर दोर वळत होते. पाणी प्यालो आणि उभ्याउभ्याच बोललो, कारण बसलो असतो तर कदाचित बोललो नसतो.

"माय, दिवाळीची नानकटाई घरी केलेली नव्हती. वर्ध्याला बेकरीत भाजली."

आईचे सूप थांबले. "तूप?"

"तूप तुझंच."

"मंग?"

"बेकरीवाले बौद्ध आहेत. पुढच्या गावात त्यांची बहीण दिली आहे. आणि आम्ही दर रविवारी हॉटेलात जातो, चौघंही. पोरीला मीच खोटं बोलायला लावलं होतं."

वडिलांचे हात चालूच होते. आईने सूप बाजूला ठेवले.

"बापू, मी साऱ्या गल्लीले सांगून बसली, माही सून भट्टीबिगर नानकटाई करते म्हणून. समोरच्या घरची सून शिकाले येतो म्हणे. तिले आता काय सांगू?"

"खरं सांग."

"तू जाऊन सांग. खोटं तू आणलं घरात, मी नाई आणलं."

इतक्या वेळाने वडील बोलले. नजर दोरावरच होती. "मी किती खाल्ल्या?"

"रोज दोन, चहासंगं," आई म्हणाली. "अन् सरल्या तं तुम्हीच विचारलं, इतक्यात सरल्या का म्हणून."

वडिलांनी दोर खाली ठेवला आणि शेताकडे निघून गेले. रात्री ते माझ्या पंगतीला बसले नाहीत. मला जे सांगायचे होते ते सांगून झाले होते, आणि त्यांनी काय करावे हे सांगण्याचा अधिकार मी दिवाळीतच गमावला होता.

सकाळी ते ओट्यावर बसून नातीला म्हणाले, "दाखव तं बोट." तिने दाखवले. खूण आता पुसट झाली होती. "हे कशानं झालं होतं?"

तिने माझ्याकडे पाहिले. मी मान हलवली.

"दारात चेंगरलं होतं."

"मंग मी फुंकर मारली तवा काऊन नाई बोलली?"

"तुम्ही मारून राह्यले होते, म्हणून मी मारू देली."

त्यांच्या मिशीखाली काहीतरी हलले, पण ते हसले नाहीत. आईला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले, "पुढच्या दिवाळीले माह्यासाठी लाडू करजो." त्यांचा निर्णय एवढाच होता. त्यांनी पुढे कधी बेकरीची वस्तू खाल्ली नाही, आणि आमच्या रविवारांबद्दल कधी चकार शब्द काढला नाही. समोरच्या घरी जाऊन खरे सांगण्याचे काम मात्र आईने खरोखरच माझ्याकडून करवून घेतले. ती सून हसून हसून पदरात तोंड लपवून आत पळाली.

त्याच संध्याकाळी, गावाहून आल्याआल्या, आम्ही चौघे बेकरीत गेलो. मी बेकरीवाल्यांना सगळे सांगितले. ते ऐकत होते आणि ताटातले टोस्ट उलटत होते.

"मले त्याच दिवशी समजलं होतं, साहेब," ते म्हणाले. "तुमच्या बाबांचा मले राग नाई. असे लोक मी लहानपणापासून पाहिले. ते जसे हायेत तसे दिसतात. तुम्ही माह्या बाकावर बसून चहा पेता, तं तुमच्याबद्दल मी काही येगळं समजलो होतो. अन् ह्या पोरीच्या तोंडून माह्याच दारात ते निघालं, ते लागलं मले."

मी म्हटले, "चूक माझी आहे." याहून शहाणे काही मला सुचले नाही, आजही सुचत नाही.

त्यांनी पत्नीकडे पाहिले. "वहिनी, पाट कोरडा पडला तुमचा. तीनचार इतवार कोणी बसलं नाई त्याच्यावर." पत्नी जाऊन बसली. तिच्याकडे मळायला काही नव्हते, तरी बसली. मला ते पुढे वर्षभर तरी 'साहेब'च म्हणत राहिले, आणि मी ते मुकाट्याने घेत राहिलो.

फाल्गुनात ते बहिणीकडे गेले तेव्हा आमच्या गावच्या घरी थांबले. मी तिथे नव्हतो. जे कळले ते त्यांच्याच तोंडून, पुढच्या रविवारी. आईने ओट्यावर बोलावून चटईवर बसवले होते. भट्टीला किती लाकूड लागते, रवा किती घालायचा, हे विचारले होते. वडिलांनी बेकरीवाल्यांच्या बहिणीच्या सासऱ्याची विचारपूस केली.

पत्नीने जे विचारण्याचे धैर्य मला झाले नसते ते सरळ विचारले. "चहा कशात देला?"

"कपात, वहिनी. बशीसंगट." ते भट्टीकडे पाहत सांगत होते. "पिऊन झाल्यावर मी उठलो धुवाले. सवयच हाये ना हाताले. तुमच्या सासूबाईनं कप हातातून घेतला. मी नाई म्हणत होतो, तरी घेतला."

"अन् मामंजी?"

"ते उठून अंदर गेले."

मग बेकरीवाले फावडे हाती घेत म्हणाले, "चहा बेस होता पण," आणि भट्टीचे दार उघडले.

मी बराच काळ या प्रसंगाचा निकाल लावण्याचा प्रयत्न करीत होतो. आईने कप घेतला हे मोठे, की वडील आत गेले हे मोठे? आता करीत नाही. एकाच ओट्यावर, एकाच वेळी, दोन्ही घडले. त्या वर्षी दिवाळीला आईने दोन शेरांऐवजी चार शेर तूप पाठवले, आणि निरोप दिला की समोरच्या घरचीही नानकटाई त्यातच करून आण.

रविवार पुन्हा सुरू झाले होते. पडदा आला की पत्नी सरळ हॉलमध्ये, भिंतीकडेच्या टेबलाशी जाऊन बसे, आणि वेटरला म्हणे, "आम्ही इथीच बरे." कचेरीतले एकदोघे खरोखरच भेटले. त्यांनी नमस्कार केला आणि आपले खाणे चालू ठेवले.

त्या फाल्गुनानंतरच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही गावी होतो. संध्याकाळी वडील अंगणात बाजेवर पडले होते आणि मुलगी त्यांच्या पायाशी बसून वर्ध्याचा वृत्तांत सांगत होती. गावी आता काहीच लपवायचे उरले नसल्यामुळे ती भलतीच सविस्तर झाली होती. कुठे किती पायऱ्या, कोणता वेटर तोतरा, कुठल्या बेसनाच्या पाटोडीचा रस्सा तिखट. वडील नापसंतीच्या चेहऱ्याने ऐकत होते आणि ती थांबली की म्हणत होते, "मंग?"

"मंग बाबानं पाटोडीचा रस्सा शर्टावर सांडला. नव्या शर्टावर. अन् आईले म्हणाले, वेटरचा धक्का लागला म्हणून." तिने मान वळवून माझ्याकडे पाहिले. "वेटर तं तिकडं उभा होता."

वडील कोपर टेकून उठून बसले. तो सगळा उन्हाळा मी त्यांना मोकळेपणी हसताना पाहिले नव्हते. त्या वेळी ते हसत होते, आणि माझ्या उत्तराची वाट पाहत होते. दारात पत्नी उभी होती. तीही वाट पाहत होती.

"नव्हता लागला," मी म्हणालो.